टास्कचे खासगी सामान : फ्रीआरटीओएसमधील एका सोयीची चिकित्सा

रिअल-टाइम कार्यप्रणालीत सर्व टास्क बहुधा एकाच मेमरीत नांदतात. त्यामुळे एकट्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेले ग्लोबल व्हेरिएबल तेथे धोक्याचे ठरते. सी भाषेतील 'एररनो' हे त्याचे नेहमीचे उदाहरण. एका टास्कने चुकीचा क्रमांक तेथे नोंदवला आणि तो वाचण्याआधीच दुसरे टास्क पुढे येऊन त्याच जागी आपला क्रमांक लिहून गेले, तर पहिल्याला भलतेच कारण कळते. असा दोष प्रात्यक्षिकात सहसा दिसत नाही, म्हणूनच तो शिकवावा लागतो.

रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेल्या फ्रीआरटीओएसचा उपाय साधा आहे. प्रत्येक टास्कच्या कंट्रोल ब्लॉकमध्ये पॉइंटरांची काही घरे ठेवायची. किती, हे कॉन्फिगरेशन फाइल ठरवते. ३२ बिट कंट्रोलरवर ५ घरे आणि २० टास्क म्हणजे ४०० बाइट. ज्या टास्कला गरज नाही, त्यालाही हा भुर्दंड पडतो. परंतु टास्कबदलाच्या वेळी जादा काम काहीच नाही. व्हीएक्सवर्क्समधील जुनी 'टास्क व्हेरिएबल' याच्या उलट चालत. प्रत्येक टास्कबदलात ग्लोबलची किंमत काढून ठेवायची आणि नव्या टास्कची भरायची. जुना कोड न बदलता चाले खरा, पण दर व्हेरिएबलमागे टास्कबदल लांबे. शिवाय दोन कोअरवर दोन टास्क एकाच वेळी चालू असता एक पत्ता दोघांना पुरणार कसा? वेळेचे बंधन पाळणाऱ्या प्रणालीत फ्रीआरटीओएसची निवडच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गुण येथे संपतात. घराचा क्रमांक मर्यादेबाहेर दिला तर लिहिण्याचे फंक्शन मुकाट्याने काहीच करीत नाही आणि वाचणारे 'नल' परत देते. घरांचे वाटपही कोणी करीत नाही. दोन लायब्ररींनी शून्य क्रमांक धरला की संपले. पॉझिक्समध्ये प्रणाली स्वतः 'की' देते आणि तिच्यासोबत नोंदवलेले सफाईचे फंक्शन थ्रेड संपताना चालवते. फ्रीआरटीओएसच्या मूळ आवृत्तीत घरातील पॉइंटर कोणाच्या मालकीचा, हा प्रश्नच नाही. टास्क डिलीट होते, त्याने मागितलेली मेमरी तशीच अडकून पडते. एस्प्रेसिफने आपल्या आवृत्तीत डिलीटच्या वेळचा कॉलबॅक जोडला, यावरून ही उणीव किती खरी होती ते दिसते.

अध्यापकांच्या दृष्टीने आणखी एक खटकते. अधिकृत दस्तऐवजातील एका उदाहरणात पूर्णांकच कास्ट करून पॉइंटरच्या घरात ठेवला आहे. ते चालते, पण विद्यार्थी तेवढेच उचलतो आणि मालकीचा विचार शिकायचा राहतो. त्यापेक्षा प्रात्यक्षिकात घरांना एनमने नावे द्यायला लावावीत. मग हीप-४ वापरून, घरात मेमरी ठेवणारे टास्क शंभरदा निर्माण व डिलीट करवून उरलेला हीप मोजायला सांगावा. मोजण्यापूर्वी आयडल टास्कला चालू द्यावे. टास्कने स्वतःलाच डिलीट केले असल्यास त्याचा स्टॅक व कंट्रोल ब्लॉक तेच मोकळे करते, एरवी निर्दोष कोडवर आळ यायचा.