भिंतीवरचा इब्न रुश्द आणि आपण

रोममधील व्हॅटिकनच्या राजवाड्यात पोप दुसरा ज्युलियस याच्या दालनाच्या भिंतीवर राफाएलने १५०९ ते १५११ या काळात एक भव्य चित्र रंगवले. 'अथेन्सची शाळा' या नावाने ते जगाला ठाऊक आहे. मधोमध प्लेटो आणि ॲरिस्टॉटल बोलत पुढे येत आहेत, भोवती प्राचीन काळातले तत्त्वज्ञ आणि गणिती जमले आहेत. डाव्या बाजूला, खाली, पायथागोरस काही लिहीत बसला आहे. त्याच्या खांद्यामागून एक फेटेवाला गृहस्थ, छातीवर हात ठेवून, वाकून ते लिखाण पाहतो आहे. राफाएलने चित्रात नावे घातलेली नाहीत. पण हा फेटेवाला म्हणजे कुर्तुब्याचा काझी, वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६-११९८) असे बहुधा मानले जाते.

प्रबोधनकाळाचा विचार या फेटेवाल्यापासून सुरू करावा असे मला वाटते. युरोपने आपल्या पुनर्जन्माचे चित्र काढले, तेव्हा मुसलमान विद्वानाला त्यात जागा मिळाली; पण ती गर्दीत, कडेला, दुसऱ्याच्या लिखाणात डोकावणाऱ्या माणसाची. प्रत्यक्ष इतिहासात मात्र लॅटिन युरोप कित्येक पिढ्या इब्न रुश्दच्याच खांद्यावरून ॲरिस्टॉटल वाचत होता. त्याला तिथे नावानेदेखील हाक मारीत नसत. नुसते 'भाष्यकार' म्हटले की पुरे होई.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत प्रबोधनाची कारणे पाठ केली आहेत. त्यांत एक कारण ठरलेले : १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ग्रीक पंडित हस्तलिखिते घेऊन इटलीत पळाले आणि युरोप जागा झाला. वर्गात बसलेल्या मुसलमान मुलाच्या वाट्याला या कहाणीत काय येते? ज्ञानाचा दिवा दुसऱ्यांनी पेटवला आणि आपल्या लोकांनी फक्त पंडितांना पळवून लावले, एवढेच.

ही कहाणी साध्या सनावळीपुढेही टिकत नाही. चित्रकलेला नवे वळण देणारा जोत्तो १३३७ मध्ये वारला. जुन्या लॅटिन ग्रंथांचा ध्यास घेतलेला पेट्रार्क १३७४ मध्ये गेला. ख्रिसोलोरास हा ग्रीक पंडित १३९७ पासून फ्लॉरेन्समध्ये शिकवत होता आणि तो कुणाच्या भीतीने पळून आलेला नव्हता. ब्रुनेलेस्कीने तिथल्या कॅथीड्रलचा घुमट १४२० ते १४३६ या वर्षांत उभारला. म्हणजे १४५३ उजाडण्यापूर्वीच बरेच काही घडून गेले होते. बायझंटाइन पंडितांचे ऋण मोठेच आहे. कार्डिनल बेसारिऑनने आपला ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, हे विसरता येणार नाही. पण प्रबोधनाची सुरुवात त्या एका पराभवात शोधणे चूक आहे.

मग मुळे कुठे आहेत? त्यांतले एक मोठे मूळ स्पेनमधल्या तुलैतला, म्हणजे टोलेडो शहरात आहे. १०८५ मध्ये हे शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले. पण तिथली अरबी पुस्तके आणि ती वाचणारी माणसे शहरातच राहिली. इटलीतल्या क्रेमोना गावचा जेरार्ड तिथे टॉलेमीचा 'अल्मजिस्त' शोधत आला आणि अरबी शिकून तिथेच राहिला. ११८७ मध्ये तो वारला तोवर त्याच्या नावावर सत्तरच्या आसपास तर्जुमे जमा होते. त्यांत इब्न सिनाचा 'अल्-कानून फित्-तिब्ब' हा वैद्यकाचा महाग्रंथही होता. या कामात ख्रिस्ती, यहुदी आणि अरबी बोलणारी स्थानिक माणसे शेजारी बसत. पिसा शहरचा लिओनार्दो ऊर्फ फिबोनाची उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात हिंदी अंकांचे गणित शिकला आणि १२०२ मध्ये त्यावर त्याने लॅटिन ग्रंथ लिहिला. ज्या कागदावर पुढे हे सारे उतरले, तो करण्याची विद्याही समरकंद-बगदादकडून अरबी जगातूनच युरोपात पोचली.

आता इथे थोडे थांबले पाहिजे. कारण एवढे सांगून झाले की आपल्या सभा-संमेलनांत टाळ्या पडतात आणि वक्ता खाली बसतो. 'युरोपला सारे आपणच दिले' या वाक्यावर भाषण संपते. हे वाक्यही त्या १४५३ च्या कहाणीइतकेच अर्धवट आहे. प्रबोधनाने जे घेतले त्याचे पुढे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

कलेचे उदाहरण घेऊ. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत अखेरचे दिवस काढलेल्या इब्न अल्-हैसमने अकराव्या शतकात 'किताबुल मनाझिर' लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे जुने मत त्याने खोडले. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, असे प्रयोगांनी मांडले. लॅटिनमधून हा ग्रंथ चौदाव्या शतकात इटालियन बोलीत आला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार गिबर्ती याने कलेवरच्या आपल्या टिपणांत त्याचा भरपूर वापर केला. पण इब्न अल्-हैसमचा विषय होता दृष्टी. सपाट भिंतीवर खोली कशी दाखवावी हा त्याचा प्रश्न नव्हता. तो प्रश्न ब्रुनेलेस्कीने प्रयोग करून सोडवला, माझाच्चोने भिंतीवर रंगवून दाखवला आणि आल्बेर्तीने १४३५ मध्ये त्याचे नियम लिहून काढले. ग्रंथातले गणित कारागिराच्या हातात आले. पंडित आणि कारागीर यांच्यातला पडदा इथे विरळ झाला आणि प्रबोधनाची स्वतःची कमाई मला इथे दिसते.

विज्ञानातही तेच. दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणारा इब्न शातिर १३७५ मध्ये वारला. चंद्राच्या गतीचे त्याने मांडलेले गणित आणि कोपर्निकसचे गणित यांत विलक्षण साम्य आहे. नसीरुद्दीन तुसीची एक भौमितिक युक्तीही कोपर्निकसच्या ग्रंथात आढळते. ती त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेली याविषयी अभ्यासकांत वाद आहे. पण इब्न शातिरने पृथ्वी मध्यभागीच ठेवली होती. ती तिथून हलवून सूर्याला मध्यभागी बसवण्याचे काम १५४३ मध्ये कोपर्निकसने केले. त्याच वर्षी व्हेसॅलिअसने शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ छापला आणि स्वतः केलेल्या विच्छेदनाच्या आधारावर गॅलेनच्या चुका दाखवल्या.

यापुढचे उदाहरण माझ्या मनाला फार लागते. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांतून डावीकडे जाते, हे इब्न नफीसने तेराव्या शतकात इब्न सिनाच्या 'कानून'वर भाष्य करताना लिहून ठेवले होते. तो १२८८ मध्ये वारला. त्याच्या या शोधाकडे आधुनिक जगाचे लक्ष वेधले गेले ते १९२४ मध्ये, एका इजिप्शियन डॉक्टरला जर्मनीत त्याचे हस्तलिखित सापडले तेव्हा. दरम्यान हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडून झाला होता.

हा फरक छापखान्याने आणखी वाढवला. 'कानून'चा लॅटिन तर्जुमा १४७३ मध्ये मिलानमध्ये छापला गेला. मूळ अरबी 'कानून' छापला गेला १५९३ मध्ये, तोही रोममध्ये. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतेफर्रिकाच्या छापखान्यातून पहिले पुस्तक निघाले १७२९ साली. या उशिराची कारणे अनेक आहेत. लिपीची अडचण होती, कातिबांचा पोटाचा धंदा होता, सुलेखनाची आवड होती. सगळा दोष मौलवींवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. तरीही एक गोष्ट बोचते : तकीउद्दीनने १५७७ मध्ये इस्तंबूलला उभारलेली वेधशाळा १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमानेच पाडली गेली.

युरोपची बाजूही फार उजळ नाही. पेट्रार्कला अरबी वैद्यकाचे नावही नकोसे होते. अनेक मानवतावाद्यांना ग्रीकांपर्यंत थेट उडी मारायची होती. मधली पाच-सहाशे वर्षे त्यांना अडचणीची वाटत. १४९२ मध्ये गरनाता पडले आणि काही वर्षांतच कार्डिनल सिस्नेरोसने तिथल्या चौकात अरबी ग्रंथांची होळी केली. वैद्यकाची पुस्तके तेवढी बाजूला काढून आपल्या विद्यापीठासाठी नेली. दीन जाळायचा, दवा ठेवायची! प्रबोधनाच्या काळाचा हाही चेहरा आहे.

पण पुस्तके जाळण्याचा मक्ता एकाच धर्माकडे नव्हता. ११९५ मध्ये खलिफा याकूब अल्-मन्सूरने इब्न रुश्दला कुर्तुब्यातून हद्दपार केले आणि त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. पुढे १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने जी मते निषिद्ध ठरवली, त्यांतही इब्न रुश्दच्या वाचकांची मते होती. दोन्हीकडच्या सत्तेला तो नको होता. त्याला वाचवले यहुदी आणि ख्रिस्ती अनुवादकांनी. त्याच्या काही ग्रंथांचे संपूर्ण अरबी मूळ आज मिळत नाही. ते लॅटिन किंवा हिब्रूतून वाचावे लागतात.

म्हणून मला वाटते, वारसा रक्ताने मिळत नाही, वाचनाने मिळतो. इब्न रुश्द आमचा, असे म्हणायचा हक्क पाडुआच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर रात्री जागवून मिळवला होता. आपण तो केवळ नावातल्या 'इब्न'वर मागतो आहोत. 'कानून' किंवा 'किताबुल मनाझिर' यांतले दहा पानांचे मराठी आपल्यापैकी किती जणांच्या हाती पडले आहे? आपल्या बोलण्यात अरबी-फारसी शब्द आहेत, घरात उर्दू वा दखनी आहे, लिहिण्याला मराठी आहे. तुलैतलाच्या अनुवादकांकडे होते त्याच जातीचे भांडवल आपल्याकडे आहे. दर वर्षी एका जुन्या ग्रंथाचे एक प्रकरण, टिपांसह, मराठीत आणायला किती खर्च येईल? एका संमेलनाच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी.

आणि तर्जुमा झाला की त्यावर शंकाही घ्याव्या लागतील. इब्न अल्-हैसमने टॉलेमीवर शंकांचे एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले होते. आपल्या मुलांनी त्याचे नाव पाठ करावे, पण त्याच्यासारखा प्रश्न विचारला की आपण डोळे वटारावे, हे चालणार नाही.

व्हॅटिकनच्या त्या भिंतीवर इब्न रुश्द अजून वाकून वाचतो आहे. त्याला कडेला उभे केले याचा राग मला आधी येत असे. आता चित्र पाहताना वेगळेच जाणवते. त्या गर्दीत काही जण वाद घालत आहेत, काही उपदेश करीत आहेत, काही नुसते उभे आहेत. हा मात्र दुसऱ्याने काय लिहिले आहे ते मनापासून वाचतो आहे. ती जागा कमीपणाची आहे असे मला आता वाटत नाही. आपली ती जागा रिकामी पडली आहे, याचे वाईट वाटते.