नक्कल आणि प्रत

एखाद्या नव्या कवीच्या संग्रहात पूर्वसूरींचा सूर ऐकू आला, की आपला परीक्षक 'ही नक्कल आहे' असा शेरा मारून मोकळा होतो. शेरा मारण्याचा त्याचा अधिकार मान्य करूनही एक शंका उरतेच. ज्या कृतीला तो नक्कल म्हणतो, ती खरोखर नक्कल असते की प्रत? हे दोन्ही शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून सर्रास वापरले जातात, आणि कचेरीच्या व्यवहारात ते खपूनही जाते. परंतु 'पुस्तकाच्या हजार प्रती निघाल्या' याऐवजी 'हजार नकला निघाल्या' असे म्हणून पाहावे, किंवा 'पुढाऱ्याची नक्कल केली' याऐवजी 'पुढाऱ्याची प्रत केली' असे म्हणून पाहावे. कान तत्काळ हरकत घेतो. त्या हरकतीला कारण आहे आणि ते शोधण्यासारखे आहे.

हा शोध घेण्यास भालकीसारखे गाव मोठे सोयीचे. बीदर जिल्ह्यातील हा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्यातील तालुके मुंबई राज्यात आले आणि भालकी म्हैसूर राज्यात गेली. परिणामी येथील मराठी भाषकाच्या कानी 'नक्कल' हा शब्द तीन वाटांनी आला: घरच्या मराठीतून, जुन्या दप्तरातील उर्दूतून आणि आजच्या कचेरीतील कन्नड 'नकलु'मधून. 'प्रत' हा शब्दही कन्नडात 'प्रति' या रूपाने नांदतो आहे. दोन शेजारी भाषांनी हीच जोडी सांभाळून ठेवावी, हा नुसता योगायोग मानणे कठीण आहे.

'नक्कल' हा शब्द मुळात अरबी. एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी नेणे, हा त्याचा धात्वर्थ. ऐकलेले जसेच्या तसे पुढे सांगणे, हा त्यातूनच निघालेला अर्थ. इस्लामी विद्येत परंपरेने पोचलेले ज्ञान आणि बुद्धीने मिळवलेले ज्ञान असा जो भेद करतात, तो 'नक़्ल' आणि 'अक़्ल' याच शब्दांनी. मराठीने दोन्ही शब्द घेतले आणि दोहोंना सारखेच वळण लावले. अस्लचे अस्सल, अक़्लचे अक्कल, शक्लचे शक्कल, तसे नक़्लचे नक्कल. गंमत अशी, की विभक्ती लागली की हे द्वित्त गळून पडते. आपण 'अकलेचा' म्हणतो, 'नकलेची' म्हणतो. नक्कल करायलाही अक्कल लागते, ही आपली म्हण त्या जुन्या भेदाची आठवण नकळत जागवते.

म्हणजे नक्कल ही वाहतूक आहे. वाहणाऱ्याने वाटेत माल बदलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. 'अस्सल बरहुकूम नक्कल' हा जुन्या कागदांवरील शेरा याच अपेक्षेचा पुरावा आहे. बहुरूपी जेव्हा पाटलाची नक्कल करतो, तेव्हा तोही पाटलाची चाल, आवाज, खाकरणे एका देहातून दुसऱ्या देहात नेतो. कारकुनाची नक्कल गंभीर आणि बहुरूप्याची हास्यकारक, परंतु दोहोंची कसोटी एकच: अस्सलाशी ताडून पाहणे.

'प्रत' या शब्दाचे घराणे निराळे. संस्कृत 'प्रति'पासून आलेल्या या शब्दाचे सगेसोयरे पाहा: प्रतिमा, प्रतिनिधी, प्रतिध्वनी. समोर असणे, जागी उभे राहणे, हा भाव या सर्वांत आहे. प्रतिनिधी ही धन्याची नक्कल नव्हे. धनी नसताना त्याच्या जागी निर्णय घेण्याचा त्याला अधिकार आहे. शिवाय मराठीने या शब्दाला गुणवत्तेचा अर्थही दिला. आपण 'उत्तम प्रतीचा कापूस' म्हणतो, 'हलक्या प्रतीचे लेखन' म्हणतो. सर्वांत बोलका पुरावा 'मूळ प्रत' या शब्दप्रयोगात आहे. जे आधीचे आहे, त्यालाही मराठीत प्रत म्हणता येते! कच्ची प्रत, शुद्ध प्रत, मुद्रणप्रत या साऱ्या एका कुळातील बहिणी आहेत आणि मूळ ही त्यांतील थोरली. 'मूळ नक्कल' मात्र कोणी म्हणणार नाही. तो वदतोव्याघात होईल.

यावरून एक कसोटी हाती लागते. अस्सल नाहीसे झाले तर काय होते? पाटलाला ओळखणारे कोणी उरले नाही, तर बहुरूप्याच्या नकलेला कोण हसणार? परंतु मूळ ग्रंथ हरवला, तर प्रत हाच ग्रंथ होतो. मराठी वाङ्मयाचा पाया अशाच प्रतींवर उभा आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मधील. ज्ञानेश्वरांच्या काळची पोथी आज कोणापाशीही नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन शतकांनी, एकनाथांनी पाठांतरामुळे शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथीच्या अखेरीस 'जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नका' अशी विनवणी करणारा लेखनिक नकलेच्या धर्माने वागतो. एकनाथांनी दोषाची जबाबदारी स्वतःवर घेतली. अनेक पाठांतून एक निवडण्याचा अधिकार त्यांनी वापरला, आणि त्याच वेळी पुढे कोणी पदरची ओवी घालू नये, असा कडक निर्बंधही घातला. प्रत करणाराचे स्वातंत्र्य आणि मर्यादा दोन्ही येथे एकत्र दिसतात. 1909 साली वि. का. राजवाडे यांनी बीड येथील पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तिच्या प्रामाण्याविषयी पुढे वाद माजला. तो वादही प्रतीविषयीचाच होता. ताडून पाहण्यास अस्सल नसताना कोणती प्रत अधिक विश्वासाची, हा त्यातील प्रश्न.

लीळाचरित्राची हकीकत याहून विलक्षण. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली, आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यात हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. म्हणूनच या ग्रंथाचे अनेक पाठ झाले, आणि ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते या संपादकांना त्यांतून वाट काढावी लागली. स्मरणातून उतरलेल्या या ग्रंथाला नक्कल कोण म्हणेल? भालकीच्या शेजारी, बसवकल्याणला, शरणांची वचने बोलली गेली. तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या ताडपत्री प्रतींतूनच टिकली. फ. गु. हळकट्टी यांनी त्या जमवून 1923 साली 'वचनशास्त्रसार' छापले नसते, तर तो ठेवा घरोघरी विखुरलेलाच राहिला असता.

आता आरंभीच्या परीक्षकाकडे वळू. 1947 साली मर्ढेकरांच्या 'काही कविता' प्रसिद्ध झाल्या. त्यानंतरच्या कित्येक कवितांत तोडलेले शब्द, यंत्रांच्या प्रतिमा आणि विज्ञानाची परिभाषा यांचा सुळसुळाट झाला. त्यांतील पुष्कळ कविता मर्ढेकर ठाऊक असलेल्या वाचकालाच काही सांगतात. मर्ढेकर बाजूला केले की त्या मुक्या होतात. त्यांना नक्कल म्हणण्यात अन्याय नाही. पण स्वतः मर्ढेकरांनी काय केले होते? संतांचा अभंग आणि ओवी उचलून त्यांनी ती मुंबईच्या यंत्रयुगात आणून ठेवली. ओळीची घडण जुनी, विनवणीचा स्वरही जुना. तरी ज्याने संतवाङ्मय वाचलेले नाही, त्यालाही ती कविता अस्वस्थ करते. ही अभंगाची नवी प्रत होय. विडंबनात ही कसोटी अधिकच उघडी पडते. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मधील ज्या रचनांची मूळ कविता आजचा वाचक विसरला आहे, त्यांतील काहींवर तो हसत नाही; काहींवर अजूनही खळखळून हसतो. ज्यांवर तो हसतो त्या आता स्वतःच्या पायावर उभ्या आहेत.

सीमेवरील अध्यापकापुढे हाच प्रश्न वह्या तपासताना उभा राहतो. भालकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात 'बाबांनी पहाणीची नक्कल आणली' असे लिहिले, तर पुण्याचे क्रमिक पुस्तक प्रमाण मानणारा अध्यापक तांबड्या शाईने तेथे 'सातबाराचा उतारा' असे करील. कर्नाटकात शेतजमिनीच्या या कागदाला पहाणीच म्हणतात. सातबारा नावाचा कागद त्या मुलाच्या घरी कधी आलेलाच नाही. 'नक्कल' हा शब्दही त्याने अगदी योग्य जागी योजला आहे, कारण कचेरीतून बाबांनी अस्सलाबरहुकूम कागदच आणला होता. दुरुस्तीनंतर वहीत जे वाक्य उरते, ते पुण्याच्या वाक्याची नक्कल आहे. खोडलेले वाक्य भालकीच्या मराठीचे होते.