ग्रहण, हेलियम आणि 'खास' पृथ्वी

मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे जी पत्रं आली, त्यातलं एक नगरच्या एका श्रोत्यांचं आहे. ते ख्रिस्ती आहेत, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. त्यांच्या चर्चमधल्या तरुणांना 'द प्रिव्हिलेज्ड प्लॅनेट' हा माहितीपट दाखवला गेला. तो संपल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, उद्या हे चुकीचं निघालं तर आपला विश्वास खोटा ठरेल का?" सरांना तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. ते आम्हाला लिहितात, मूळ पुस्तक वाचा आणि मत सांगा. तर आज ठरलेला विषय बाजूला ठेवू आणि हेच पुस्तक घेऊ.

पुस्तक २००४ सालचं, अमेरिकेतलं. लेखक दोघे. गिएर्मो गोन्झालेझ हे खगोलशास्त्रज्ञ, जे रिचर्ड्स हे तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्राचे अभ्यासक. सुरुवातच भारतात होते! २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतली अमावास्या. गोन्झालेझ राजस्थानात नीम का थाना इथे खग्रास सूर्यग्रहण बघायला आले होते. पूर्ण ग्रहण एक मिनिटसुद्धा टिकलं नाही, पण त्या अनुभवातून त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आणि आपल्यापासून सुमारे ४०० पट लांब. म्हणून तर चंद्राची चकती सूर्यावर इतकी नेमकी बसते. हा निव्वळ योगायोग का?

यातून त्यांनी जो सिद्धान्त मांडला तो थोडक्यात असा. विश्वात ज्या जागी आपल्यासारखे जीव जगू शकतात, त्याच जागा विश्वाचा शोध घ्यायलाही सर्वांत सोयीच्या आहेत. पारदर्शक वातावरण, मोठा चंद्र, आकाशगंगेत दाट गर्दीपासून दूरची जागा, हे सगळं जगायलाही हवं आणि बघायलाही हवं. दोन्ही गोष्टी एकत्र याव्यात हे कुणीतरी योजलेलं आहे, असा निष्कर्ष.

इथे एक गल्लत टाळू. सगळे सृष्टिवादी एका माळेचे मणी नाहीत. काहीजण 'उत्पत्ती'तल्या वंशावळ्या मोजून पृथ्वी सहा-सात हजार वर्षांची मानतात. रसेल हम्फ्रीज यांनी तर १९९४ च्या पुस्तकात पृथ्वीला पुन्हा विश्वाच्या मध्याजवळ नेऊन बसवलं. गोन्झालेझ आणि रिचर्ड्स तसं काही म्हणत नाहीत. विश्वाचं अब्जावधी वर्षांचं वय ते मान्य करतात. म्हणून त्यांना उत्तरही जरा नीट द्यायला हवं. चेष्टेवारी नेऊन चालणार नाही.

आता ग्रहणाचाच मुद्दा धरू, कारण पुस्तकाचा जीव त्यात आहे. ग्रहणांमुळे सूर्याच्या वातावरणाचा अभ्यास झाला, त्यावरून ताऱ्यांचा अर्थ लागला, हे खरंच आहे. पण नेमकं काय घडलं ते बघा. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण आपल्या देशातून दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की त्यांना वाटलं, या ग्रहणाशिवायही दिसतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुर्बीण लावली. ग्रहण नव्हतं, आणि रेषा दिसल्या! तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, स्वतंत्रपणे तेच केलं. त्यातली पिवळी रेषा सोडियमची नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून हेलियमची गोष्ट सुरू झाली. (आपल्याकडे सर्रास सांगतात की लॉकियरना हेलियम विजयदुर्ग किल्ल्यावर सापडला. ते विजयदुर्गला आले होते हे खरं, पण १८९८ च्या ग्रहणाला.)

म्हणजे ग्रहणाने वाट दाखवली, पण त्या वाटेवरून जायला ग्रहण लागत नव्हतं. १९१९ चंही तसंच. ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळ वाकतो हे त्या ग्रहणात मोजलं गेलं, पण पुढे रेडिओ दुर्बिणींनी हेच मोजमाप ग्रहणाची वाट न बघता कितीतरी अचूक केलं. आणि तो 'नेमकेपणा' तरी किती नेमका? चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातोय. आजही खग्रासपेक्षा कंकणाकृती ग्रहणं जास्त होतात, म्हणजे चंद्र बऱ्याचदा सूर्याला झाकायला अपुराच पडतो. योजना करणाऱ्याने हात जरा आखडताच घेतलेला दिसतो.

याहून मोठी अडचण तर्काची आहे. लेखकांनी पृथ्वीवरून जे दिसतं त्याची मोजणी केली. जे दिसत नाही त्याची केली का? आपलं वातावरण क्ष-किरण खाली येऊच देत नाही. म्हणून तर २०१५ साली आपल्याला ॲस्ट्रोसॅट वर पाठवावा लागला. आकाशगंगेचं केंद्र साध्या प्रकाशात धुळीआड झाकलेलं आहे. लेखक यावर म्हणतात, एकेका बाबतीत दुसरी जागा चांगली असेल, पण सगळं मिळून पृथ्वी उत्तम. ठीक. पण 'सगळं मिळून' हा हिशेब कोणत्या तराजूवर केला? दुसऱ्या ग्रहावर बसून कुणी विश्वाचा अभ्यास केल्याचं एकही उदाहरण आपल्यापाशी नाही. विहिरीतल्या बेडकाने म्हणावं की आभाळ बघायला हीच जागा सर्वोत्तम, कारण मला जेवढं आभाळ माहीत आहे तेवढं सगळं इथूनच दिसतं! लेखकांना आम्ही बेडूक म्हणत नाही हं. विहिरीत आपण सगळेच आहोत. आणि हसूही नका, आपल्याकडे प्रकाशाचा वेग वेदात शोधणारे काही कमी नाहीत. खोड तीच आहे.

एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यायला हवं. कोपर्निकसने माणसाला मानाच्या जागेवरून खाली खेचलं, ही जी कथा पाठ्यपुस्तकं सांगतात तिची त्यांनी चांगली झडती घेतली आहे. मध्ययुगीन चित्रात मध्य ही मानाची जागा नव्हतीच. तो विश्वाचा तळ होता, नाशवंत वस्तूंचा गाळ साठण्याची जागा. दान्तेने तर पृथ्वीच्या मध्यावर सैतानाला बसवलंय. पुस्तकाचा हा भाग आम्हाला सर्वांत आवडला.

पण मग स्वतःचंच म्हणणं ते शेवटपर्यंत का नेत नाहीत? जागेवरून किंमत ठरत नसेल तर पृथ्वी मध्यात नाही म्हणून ती क्षुद्र होत नाही, तसंच ती मोक्याच्या जागी आहे म्हणून ती थोरही होत नाही. जडवादी म्हणतो, पृथ्वी कोपऱ्यात, म्हणून माणूस कवडीमोल. लेखक उत्तर देतात, नाही, पृथ्वी मोक्यावर, म्हणून माणूस मोलाचा. वाद घालता घालता प्रतिपक्षाचं मोजमाप त्यांनी स्वतःच उचललं.

आणि बायबलचं मोजमाप ते नाही. 'स्तोत्रसंहिता'तलं आठवं स्तोत्र काढून बघा. आकाश, चंद्र, तारे बघून स्तोत्रकर्त्याला नवल वाटतं ते याचं की एवढ्या विस्तारापुढे इतका लहान माणूस, तरी देवाला त्याची आठवण राहते. माणूस लहान नसेल तर त्या स्तोत्रात नवलासारखं उरतंच काय?

बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना १९२७ साली मांडणारे शास्त्रज्ञही. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्राचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. समीकरण आज आहे, उद्या बदलेल. श्रद्धा त्याच्या खुंटीला टांगली तर खुंटीबरोबर तीही खाली येणार, हे त्यांना कळत होतं.

तर सर, त्या मुलाला सांगा, हे पुस्तक चुकीचं निघालं तर एक पुस्तक चुकीचं निघेल, एवढंच. आणि जमलं तर येत्या १८ ऑगस्टला त्याला हेलियमची गोष्ट सांगा. पुढच्या वेळी आपण ह्यूमचे १७७९ साली प्रसिद्ध झालेले धर्मविषयक संवाद वाचायला घेऊ. योजनेच्या या युक्तिवादाची त्यांनी केलेली उलटतपासणी अजून शिळी झालेली नाही. प्रश्न नेहमीसारखे आधी पाठवा.