चेहऱ्यावरचा डोंगर

लक्ष्मीपूजनाच्या पाटावरील चांदीच्या नाण्याला आपण हळदकुंकू वाहतो; पण ते वाचत मात्र नाही. वास्तविक नाणे हेही एक वाङ्मयच आहे, आणि त्याचे रसग्रहण करायला हरकत नसावी.

आम्हा ठाकुर्लीकरांना तर हा शेजारचाच विषय. रेल्वेने पुढचेच स्टेशन कल्याण. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते ‘कल्लिएना’ म्हणून येते. भडोचला रोमन दिनार नफ्याने बदलून मिळत, असेही तोच ग्रंथकार सांगतो. भारतात पुष्कळ सापडलेल्या ऑगस्टसच्या एका चांदीच्या दिनारावर पुढे सम्राटाचे मस्तक आहे. मागे ढाली-भाल्यांसह त्याचे दोन वारस. अर्थ सरळ आहे: राज्य माझे, आणि माझ्यामागे माझ्यांचेच.

आपल्याकडे क्षहरात राजा नहपान हाही चेहऱ्याचीच भाषा बोलतो. पुढे त्याची मुद्रा, भोवती ग्रीक अक्षरे. मागे बाण आणि वज्र. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला त्याची १३ हजारांवर नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला आहे: एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व नागमोडी रेघ, दुसरीस उज्जयिनी-चिन्ह.

यात पुष्कळांना शत्रूची मानखंडना दिसते. मला ते अर्धसत्य वाटते. नाव पुसायचेच होते तर मूस होती, भट्टी होती. पण चालते नाणे वितळवणे व्यवहारी राजाला परवडत नसावे. म्हणून डोंगराआडून नहपानाचे नाक-डोळे अजून डोकावतात. कारागिरी म्हणून हे काम ओबडधोबड खरे. पण कल्पना मोठी आहे. चेहऱ्याला सातकर्णीने डोंगराने उत्तर दिले. राजे येतील-जातील, सह्याद्री राहील, असेच मी ते वाचतो.

मात्र चेहऱ्याची मोहिनी जबर! १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा त्याच कुळातील यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे हाती आले. त्यावर पुढे खुद्द राजाचा चेहरा आहे. डोंगर आणि उज्जयिनी-चिन्ह मागच्या बाजूस गेले आहेत.

गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे त्याची आई बलश्री हिच्या नाशिकच्या शिलालेखात अभिमानाने कोरले आहे. वंश संपला असेल. पण हरलेल्याची रीत जिंकणाऱ्याच्याच नातवंडां-पणतवंडांच्या टांकसाळीत सुखाने नांदली. शिलालेख जे सांगत नाही, ते असे हे बोटभर नाणे सांगून जाते.