चंद्र, चंदैनी आणि व्यक्तिचित्र

व्यक्तिचित्रणात प्रतीकाचे स्थान कोणते, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. अलीकडे टॅरो पत्त्यांतील प्रतिमा आणि चंद्राविषयीच्या लोककल्पना यांच्या आधारे मानवी आकृती रंगविण्याकडे काही चित्रकारांचा ओढा दिसतो. डोईवर चंद्रकोर, पायाशी पाणी, शेजारी श्वान एवढी सामग्री मांडली की व्यक्तीचे अंतरंग प्रकट झाले, अशी समजूत त्यामागे असते. ती कितपत ग्राह्य आहे हे ठरविण्यास रायपूर परिसरातील चंदैनीची लोकगाथा मोठी साहाय्यक ठरावी.

प्रथम टॅरोचाच इतिहास पाहणे युक्त होईल. पंधराव्या शतकात मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगविलेल्या संचात चंद्र म्हणजे हाती चंद्रकोर धरलेली एक स्त्री आहे. पुढे मार्सेय पद्धतीच्या छापील पत्त्यांतून ही स्त्री नाहीशी झाली. दोन बुरूज, दोन कुत्रे आणि पाण्यातून वर येणारा खेकड्यासारखा जीव एवढेच उरले. पामेला कोलमन स्मिथ यांनी रंगविलेल्या १९०९ च्या संचातही स्थूलमानाने हीच मांडणी आहे. हे पत्ते मुळात खेळाचे. भविष्यकथनाशी त्यांचा दृढ संबंध जडला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. म्हणजे ज्या चित्रावर गूढार्थाचा साज चढला, त्या चित्रात माणूस उरलाच नव्हता. व्यक्ती रंगवू पाहणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडील चित्रित पत्त्यांची परंपरा याहून निराळी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा गट आणि १२० गोल पत्ते असतात. दशावतारी गंजिफांच्या खेळात दिवसा रामाला आणि रात्री कृष्णाला अग्रमान देण्याची रीत आहे. राम सूर्यवंशी व कृष्ण चंद्रवंशी हे ध्यानात घेतले म्हणजे या रीतीचे औचित्य पटते. येथे चंद्र आकृतीच्या डोक्यावर बसलेला नाही. तो तिच्या कुळातून व अधिकारातून सूचित होतो. शिवाय आपला चंद्र पुरुष आहे. रोहिणीवरील पक्षपातामुळे दक्षाचा शाप भोगणारा तो पती आहे आणि मुलांचा तो मामा आहे. पाश्चात्त्य पत्त्यावरील स्त्रीरूप चंद्र जसाच्या तसा उचलणाऱ्या चित्रकाराला हा विरोध जाणवल्यावाचून राहू नये.

मग चंद्राचे नाव धारण करणारी स्त्री येथे कशी उभी राहते? छत्तीसगढच्या रावतांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिलेल्या लोरिक-चंदा कथेत तिचे उत्तर मिळते. व्हेरिअर एल्विन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या छत्तीसगढी लोकगीतांच्या ग्रंथात तिचे एक रूप समाविष्ट केले आहे. उत्तर प्रदेशातील अहीरांच्या गाथेत लोरिकच्या पराक्रमाला प्राधान्य आहे, तर छत्तीसगढात कथेचे नावच ‘चंदैनी’ असून प्रेमातला पुढाकारही बहुधा नायिकेचाच आहे. ती पतीला सोडते, विवाहित लोरिकवर मन जडविते आणि त्याच्यासह दूरदेशी निघून जाते. तिच्या धैर्याचे मोल लोरिकच्या पत्नीलाही द्यावे लागते. चांदणे हे तिच्या शीलाचे चिन्ह नव्हे, तिच्या सौंदर्याचे केवळ नाव होय. तिची ओळख पटते ती तिने केलेल्या निवडीतून.

याच कथेवर मौलाना दाऊद यांनी १३७९ मध्ये ‘चंदायन’ हे अवधी काव्य रचले. त्याची सोळाव्या शतकातील एक सचित्र पोथी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तीतील मुखे ठरीव साच्याची आहेत. तरीही प्रसंग जिवंत वाटतात, कारण चित्रकाराने भावाचा भार मुखावर न टाकता पात्रांच्या हालचालींवर व त्यांच्यामधील अंतरावर टाकला आहे. चंदेच्या महालावर दोर टाकून चढणारा लोरिक आणि वर वाट पाहणारी चंदा या प्रसंगाचे सारे नाट्य त्या दोघांमधील अंतरात आहे. तेथे चंद्रबिंब असो वा नसो, नाट्य उणे होत नाही.

याउलट चंद्रालाच व्यक्तित्व देण्याचा मार्गही याच प्रदेशात चोखाळला गेला. मराठी कुटुंबात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावी अध्यापन करीत होते. १९६४ मध्ये, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, त्यांचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. चंद्राचे तोंड वाकडे म्हणताच चंद्र हे सौंदर्याचे उपमान राहत नाही. त्याला स्वभाव येतो आणि तो पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो.

तात्पर्य, प्रतीक त्याज्य नव्हे; पण ते व्यक्तीच्या कृतीतून उगवले पाहिजे. चंदैनी रंगवू इच्छिणाऱ्याने चंद्रकोर कोठे काढावी याचा विचार मागाहून करावा. उंबरठा ओलांडताना तिचे पाऊल कसे पडले आणि मागे राहिलेल्या स्त्रीकडे तिने वळून पाहिले की नाही, हे त्याने आधी ठरवावे. तेवढे साधले तर अमावास्येच्या रात्रीही ती ओळखू येईल.