साक्ष कुणाची ग्राह्य?

खून होतो. तो पाहिलेली माणसे जिवंत असतात, न्यायालयात उभी राहून मारेकऱ्यांची नावे घेतात, आणि तरीही कायद्याच्या दप्तरी खुनी कोण ही जागा कोरीच राहते. अशा हत्याकांडांना 'न उलगडलेली' म्हणायचे की 'न ऐकलेली'? हा प्रश्न वकिलांइतकाच समीक्षकांचाही आहे. निकालपत्र हीसुद्धा एक संहिता असते आणि ती वाचावीच लागते.

25 डिसेंबर 1968 च्या रात्री तमिळनाडूतील त्यावेळच्या तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी येथे, 44 दलित एका झोपडीत जाळून मारले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. मजुरीत थोडे अधिक भात मागितले आणि लाल बावटा सोडला नाही, हा त्यांचा अपराध. खालच्या न्यायालयाने काही जमीनदारांना दोषी ठरवले. 1973 साली मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. बड्या जमिनींचे मालक, मोटारी बाळगणारे हे लोक स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील, हे न्यायालयाला संभवनीय वाटले नाही. येथे साक्ष तपासली गेली नाही, आरोपींची पत तपासली गेली.

आता बिहारमधील बथानी टोला पाहा. 11 जुलै 1996 रोजी, दिवसाढवळ्या, रणवीर सेनेने 21 माणसे मारली. 2010 साली आरा येथील न्यायालयाने 23 जणांना शिक्षा दिली. एप्रिल 2012 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने ते सगळे निर्दोष सोडले. जवळच लपून पाहिले असे सांगणारे साक्षीदार न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. मारायलाच आलेल्यांनी त्यांना जिवंत कसे सोडले असते, असा तर्क केला गेला. म्हणजे एका निकालात मालक श्रीमंत म्हणून साक्षीदार खोटा, दुसऱ्यात साक्षीदार जगला म्हणून खोटा! मग खरा साक्षीदार कोण? मेलेला? पण तो बोलत नाही.

साक्षीदार चुकू शकतो, हे मला मान्य आहे. स्मृती म्हणजे छायाचित्र नव्हे. भीती, धूर, अंधार यांनी नजर फसते. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या अनेकांना मुळात चुकीच्या ओळखीवरूनच शिक्षा झाली होती. पण अशा चुका प्रामुख्याने अनोळखी चेहरा ओळखताना होतात. वेठीला राबणारा मजूर आपल्या मालकाला चालीवरून, आवाजावरूनही ओळखतो. तपशिलातील विसंगतीचे काय? एक गोष्ट खोटी म्हणून सारेच खोटे, हे तत्त्व आपली न्यायालयेसुद्धा पक्का नियम म्हणून मानत नाहीत. तेव्हा पोलिसांनी उशिरा आणि आपल्या भाषेत लिहिलेल्या जबाबातला दोष बोलणाऱ्याच्या माथी का मारायचा? माझ्या आज्याचा अंगठा कागदांवर अनेकदा उमटला. त्याचे म्हणणे त्या कागदांवर उमटले की नाही, हे त्याला कधी वाचता आले नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात द्विजांसाठी द्विज साक्षी, शूद्रांसाठी शूद्र, अंत्यजांसाठी अंत्यज अशी वाटणी आहे. राज्यघटनेने ती मोडली. तरी 'संभवनीय' या निरुपद्रवी शब्दाच्या आडून ती परत येते. काय संभवते हे ज्याच्या अनुभवावर ठरते, त्याने वाडा पाहिलेला असतो, वस्ती पाहिलेली नसते.

साहित्यानेही यापेक्षा बरे केले असे नाही. कीळवेण्मणीवर इंदिरा पार्थसारथी यांनी 'कुरुदिप्पुनल' ही तमिळ कादंबरी लिहिली आणि तिला 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात जमीनदाराच्या क्रौर्याचे मूळ त्याच्या नपुंसकत्वात शोधले आहे, आणि घटना आपल्याला दिसते ती मुख्यतः दिल्लीहून आलेल्या सुशिक्षितांच्या नजरेतून. ज्यांची माणसे जळाली, ते येथेही दुय्यम साक्षीदारच! मजुरीचा लढा मनोविकृतीची कहाणी झाला की व्यवस्था आपोआप सुटते. मीना कंदसामी यांनी 2014 च्या 'द जिप्सी गॉडेस'मध्ये उलट वाट धरली. कथा सांगण्याचा अधिकारच त्यांनी वादात ओढला.

आपल्या आत्मकथनांनाही 'हे अतिरंजित तर नाही?' असे विचारले गेले. विचारणाऱ्याने आधी आपली संभवनीयतेची मोजपट्टी दाखवावी. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, ती दया मागण्यासाठी नव्हे, प्रतिनिधित्व मागण्यासाठी. साक्ष हा आपला हक्क आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी अत्याचाराच्या गावी त्याच दिवशी पोचावे, जबाब बोलणाऱ्याच्या बोलीत, तारीख-वेळेसह उतरवून घ्यावेत, पहिल्या फिर्यादीची प्रत हातात पडेपर्यंत ठाण्यातून हलू नये. शिक्षक-विद्यार्थ्यांनी निकालपत्रे कादंबरीइतक्याच बारकाईने वाचावीत. साक्षीदाराची उलटतपासणी खूप झाली. आता ऐकणाऱ्याची झाली पाहिजे.