साष्टीचे पक्षी आणि ‘विरळ’ या शब्दाचा अर्थ

सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मिळून लिहिलेला ‘द बर्ड्‌स ऑफ बॉम्बे अँड सालसेट’ हा प्रबंध १९३६ ते १९३९ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला. मुंबईच्या उपनगरांतील पक्षिजीवनाच्या अभ्यासकाला आजही या लेखनाकडे वळावे लागते. मात्र ते ज्या रीतीने वाचले जाते, ती रीत पुष्कळदा सदोष असते. जुन्या यादीतील पक्षी आज दिसला नाही, की तो नाहीसा झाला असे ठरते. यादीत नसलेला पक्षी दिसला, की तो विरळ ठरतो. हे दोन्ही निष्कर्ष तपासून घेतले पाहिजेत.

प्रथम शीर्षकाचा विचार करू. ‘मुंबई आणि साष्टी’ ही जोडी त्या काळी दोन निरनिराळ्या प्रदेशांची वाचक होती. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही सारी स्थळे साष्टीत मोडत. महानगरपालिकेची हद्द १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली वाढली, तेव्हा ती मुंबईत सामावली गेली. १९८१ साली अब्दुलअलींनी प्रसिद्ध केलेल्या सूचीचे क्षेत्र मात्र बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान हे होते. मुंबईच्या आसपासच्या स्थितीवरील टिपा तिला जोडल्या होत्या. साऱ्या बेटावर फिरणारी दृष्टी चार दशकांत एका राखीव रानाशी येऊन थांबली. शहराच्या विस्ताराचा इतिहास या दोन शीर्षकांतच वाचता येतो. परंतु त्यातूनच असेही निष्पन्न होते, की या दोन ग्रंथांची सरळ तुलना करता येत नाही. खाडीच्या चिखलावर चरणारा एखादा पक्षी रानाच्या सूचीत आढळला नाही, तर त्याच्या ऱ्हासाविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा प्रश्न ऋतूचा आहे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांच्या पाणलोटामुळे जे रान टिकले, त्यात फाल्गुनाच्या सुमारास पळस व पांगारा फुलतात. हिवाळी पाहुणे अद्याप परतलेले नसतात, आणि दयाळासारखे स्थायिक पक्षी गाऊ लागलेले असतात. वसंतातील सकाळची यादी म्हणूनच लांब होते, आणि म्हणूनच ती फसवीही असते. फुललेल्या पळसावर थव्याने उतरणारी भोरडी काही महिन्यांनी एकही दिसत नाही. ती विरळ नसून ऋतूशी बांधलेली आहे. ‘पळसमैना’ या तिच्या दुसऱ्या मराठी नावात ही गोष्ट आधीच नोंदलेली आहे. उलट कर्णा हा दाट रानात दीर्घकाळ निश्चल बसणारा पक्षी. त्याची विरळता काही अंशी पाहणाऱ्याच्या अधीरपणाची असते. तिसरा प्रकार वाट चुकून आलेल्या पक्ष्याचा, आणि खरी विरळता बहुधा येथेच असते. एकच विशेषण या तिन्ही अवस्थांना लावले, की नोंदीचे मूल्य कमी होते.

काळाच्या ओघात ही विशेषणे दोन्ही दिशांनी बदलतात, हेही विसरता कामा नये. १९९० च्या दशकापासून ठाण्याच्या खाडीत लहान रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ साली तेथे त्यांच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. केवळ ऱ्हासाची कहाणी शोधणाऱ्या वाचकाला असा बदल दिसणार नाही.

या प्रकारच्या सूचींची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. पक्षी कोठे आढळला हे त्या सांगतात. तो शोधण्यासाठी किती सकाळी खर्ची पडल्या आणि त्यांपैकी किती रिकाम्या गेल्या, हे सहसा सांगत नाहीत. पूर्वी पुरावा म्हणून नमुना जपला जाई. १९६८ पासून अब्दुलअलींनी सोसायटीच्या संग्रहाची जी विस्तृत सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तिचे बळ अशा नमुन्यांतच आहे. आज छायाचित्र पुढे येते. पुराव्याचे साधन बदलले तरी त्याची गरज बदललेली नाही. पक्षी दिसला नाही अशा सकाळींचीही नोंद जो अभ्यासक तारखेसह ठेवील, त्यालाच ‘विरळ’ हा शब्द वापरण्याचा अधिकार पोहोचतो.